बाळाची फिजिओथेरपी: हुबळी-धारवाडात खर्च किती आणि तो कशावर करावा

पाचवा महिना संपत आला तरी बाळ मान धरत नाही. आठवा सरला तरी बसवलं की एका अंगाला कलंडतं. एकाच हाताने सगळं ओढून घेतं, दुसऱ्या हाताची मूठ उघडतच नाही. डॉक्टर चिठ्ठीवर ‘फिजिओथेरपी’ लिहून देतात आणि घरात दोन प्रश्न उभे राहतात: किती दिवस, आणि किती पैसे? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा वर्षांत असतं, म्हणून दुसऱ्याचा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडायला हवा. सुरुवातीच्या सहा महिन्यांत होतं नव्हतं ते घालून बसलेलं घर पुढे बूट, एक्स-रे, शस्त्रक्रिया, शाळा यांची वेळ आली की हात आखडतं. मुलाचं खरं नुकसान तिथे होतं.

आधी नुसतं गणित. खासगी क्लिनिकात एका सत्राचे ३०० ते ७०० रुपये धरून चला. घरी येऊन करणारे त्याहून दोनतीनशे जास्त घेतील. ४०० रुपये धरले आणि रविवार सोडून रोज गेलात तर महिन्याला २६ सत्रं, १०,४०० रुपये, वर्षाचे १,२४,८००. आठवड्यातून दोनदा गेलात तर महिन्याला नऊ सत्रं, ३,६०० रुपये, वर्षाचे ४३,२००. एकदाच गेलात तर वर्षाला २०,८००. यात रिक्षा नाही, आईची बुडालेली मजुरी नाही, थोरल्या मुलाला शेजारी ठेवण्याची तारांबळ नाही. अळणावर, हल्याळ, दांडेली, खानापुराहून येणाऱ्यांचा तर अख्खा दिवस जातो.

रोज नेलं म्हणजे मूल लवकर चालेल, असं कुठल्याही आईबापाला वाटणारच. पण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडण्याचा विकार, याच्या उपचारांवरचं जगभरातलं संशोधन ऑस्ट्रेलियातल्या इओना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये एकत्र तपासलं, आणि त्यातून निघालं ते पालकांच्या खिशाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. मूल स्वतः धडपडून जी हालचाल करतं, ठरवलेल्या एका कामासाठी, नेहमीच्या जागी, पुन्हा पुन्हा करतं, तिचा उपयोग होतो. घरच्यांना नीट शिकवून करून घेतलेल्या सरावाचाही होतो. मूल निजलेलं आणि कोणीतरी त्याचे हातपाय हलवतंय, अशा व्यायामातून मात्र नवी हालचाल फारशी शिकली जात नाही. म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे: पैसे सत्रांच्या संख्येसाठी देऊ नका, शिकवण्यासाठी द्या. तुम्ही आठवड्याला एक तास विकत घेता. बाकीचे सगळे तास मूल घरीच असतं.

हे ओळखायचं कसं? चांगल्या सत्रात फिजिओ आधी विचारतो, “मागच्या आठवड्यात घरी काय जमलं, काय नाही?” मग पुढच्या काही आठवड्यांसाठी एक लहानसं ध्येय ठरतं: पाटावर आधाराशिवाय दहा अंक मोजेपर्यंत बसणं, किंवा पाटावरून उठून खिडकीच्या गजाला धरणं. तो करून दाखवतो, मग मूल आईच्या हातात देतो आणि तिचे हात कुठे असावेत ते दुरुस्त करतो. आईला बाहेरच्या बाकावर बसवून आत रडणाऱ्या मुलाचे पाय ताणले जात असतील आणि शेवटी ‘उद्या याच वेळेला’ एवढंच कानावर पडत असेल, तर तिथले पैसे वाया चालले आहेत. “आईला आत येऊ द्याल का?” हे पहिल्याच दिवशी विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

आपल्याकडच्या घरांची आणखी एक अडचण असते. फिजिओ कन्नडमध्ये सांगतो, आईला ते समजतं, पण दिवसभर मूल सांभाळणाऱ्या आजीला मराठीशिवाय काही येत नाही. तेव्हा एखाद्या सत्राला आजींनाच घेऊन जा आणि व्यायामाचा व्हिडिओ आईच्या मोबाइलवर, आईच्याच हातांनी मूल धरलेलं असताना काढून घ्या. “याचा बापही उशिराच चालला होता” म्हणणाऱ्या आजी समोर बसून पाहतात तेव्हा घरातला निम्मा विरोध मावळतो.

रोज जाणं योग्य ठरतं अशा वेळाही आहेत. स्नायूंच्या किंवा हाडांच्या शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे, ताठ स्नायूंत बोट्युलिनम इंजेक्शन दिल्यानंतरचा काळ, कमकुवत हात वापरात यावा म्हणून चांगला हात काही तास बांधून करायचा सराव. हे ठरावीक मुदतीचे टप्पे असतात. त्यासाठी पैसे राखून ठेवा, मुदत आधी विचारा आणि संपली की पुन्हा आठवड्यावर या.

आधी सरकारी दार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी करतात आणि विकासात मागे पडलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-श्रवण, मानसशास्त्रज्ञ अशी सोय एकत्र असावी आणि ती मोफत मिळावी, अशी ही योजना आहे. पथकाची वाट पाहत बसू नका. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडून चिठ्ठी घ्या आणि धारवाडच्या जिल्हा रुग्णालयात थेट चौकशी करा.

हुबळीच्या विद्यानगरातलं किम्स, ज्याचं नाव आता केएमसीआरआय झालंय, हे भागातलं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय. बालरोग, अस्थिरोग, फिजिओथेरपी आणि तपासण्या एकाच आवारात असल्याने पहिलं निदान तिथे करून घेणं स्वस्त पडतं. गर्दी भरपूर, अर्धा दिवस हाताशी ठेवून, मुलाचं खाणं बांधूनच निघा. सत्तूरला एसडीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात फिजिओथेरपीचं महाविद्यालय. शिकवणाऱ्या रुग्णालयात दर सहसा बाहेरच्या क्लिनिकपेक्षा कमी असतात आणि मुलाला प्राध्यापकांची नजर मिळते. मात्र रोजचं काम शिकाऊ मुलंमुली करतात आणि त्यांची पाळी बदलली की हातही बदलतो. यावर उपाय एकच: ध्येयं लिहिलेली वही तुमच्याजवळ ठेवा, नवीन माणूस आला की उघडून दाखवा. फिट, वागणूक किंवा बुद्धिमापनाचा प्रश्न असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळची. जुनं नाव ऐकून बुजणारी माणसं अजून भेटतात. बुजण्यासारखं तिथे काही नाही. खानापूर, बेळगाव, चंदगडच्या लोकांना केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आणि त्यांचं फिजिओथेरपी महाविद्यालय, किंवा सरकारी बिम्स सोयीचं. आठवड्याला एकदाच जायचं असलं तरी दूरचं नामांकित ठिकाण सहाव्या आठवड्यात सुटतं. जवळचं बरं ठिकाण टिकतं.

प्रवासाचंही सांगते. कर्नाटकातल्या महिलांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. ओळखपत्र जवळ असू द्या. एसी गाड्यांना ही सवलत नाही, आणि हुबळी-धारवाडची चिगरी बस एसी आहे. तरीही मूल खुर्चीतून न्यायचं असेल तर चिगरीला पैसे मोडणं मला योग्य वाटतं. फलाट आणि बसचा तळ एका पातळीवर असल्याने खुर्ची उचलावी लागत नाही. रेल्वेत, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांगाला आणि सोबत्याला शयनयान व थ्री-टियर एसीत ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

फी देण्याआधी भिंतीकडे पाहा

कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली फिजिओथेरपी केंद्रांनाही नोंदणी लागते आणि दरपत्रक लावावं लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दराचा फलक दोन्ही पाहा. नसले तर विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. फिजिओथेरपिस्टकडे बीपीटी ही पदवी हवी. बालरोग किंवा मेंदू-मज्जाविकार या विषयातली एमपीटी असेल तर उत्तम, पण एमपीटी कोणत्या विषयातली ते विचारा, कारण खेळाडूंच्या गुडघ्यांवर शिकलेला माणूस चार महिन्यांच्या बाळावर तितका तयार असेलच असं नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि स्प्लिंट बनवणारे ऑर्थोटिस्ट यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, क्रमांक असतो. फिजिओकडे तो नसतो, त्यात खोट काढू नका. फिजिओथेरपीवर जीएसटी नाही. बिलात तो लावलेला दिसला तर हरकत घ्या.

पहिल्या तपासणीची फी सत्रापेक्षा जास्त असणं रास्त आहे, फक्त वेळ पाऊण तास तरी मिळायला हवा. बाळाचे कपडे काढून, चटईवर ठेवून, पाठीवर, पोटावर, बसवून पाहिलं जातं. जाताना तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातलं माता कार्ड, आणि प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्याच. बाळ जन्मल्या जन्मल्या रडलं का, पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती चढली होती, फिट आली होती का, हे त्यात असतं आणि पुढचा अंदाज त्यावर बांधला जातो. महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं आठ महिन्यांचं बाळ हिशेबाला सहाच महिन्यांचं. हे न केल्यामुळे कित्येक घरं विनाकारण घाबरतात आणि विनाकारण पैसे भरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला उशिरात उशिरा सव्वानऊ महिन्यांपर्यंत, एकटी चालायला साडेसतरा महिन्यांपर्यंत शिकली होती. काही मुलं रांगलीच नाहीत आणि तरी नीट चालली. त्यामुळे ‘रांगत नाही’ एवढ्यावरून कोणी सहा महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारू पाहील तर थांबा. उलट काही खुणांना एक दिवसही थांबू नये: वर्षाच्या आत एकच हात पुढे येणं, पाय ताठून एकमेकांवर चढणं, शिकलेली गोष्ट विसरणं, आणि झोपेतून उठताना हातपाय आखडून मान पुढे टाकण्याचे एकामागून एक हिसके. शेवटच्या दोन तक्रारी फिजिओकडे नेऊ नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

आगाऊ पैसे घेऊन तीन-सहा महिन्यांची पॅकेजं देणाऱ्यांकडून महिन्यापेक्षा जास्त भरू नये. मूल आजारी पडतं, सणवार येतात. सत्रं बुडाली तर पैसे परत मिळतील का ते पावतीवर लिहून घ्या. ‘शंभर टक्के चालवून दाखवतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. स्टेम सेलची इंजेक्शनं, दाबाखालच्या ऑक्सिजनच्या पेट्या यांवर जमीन गहाण टाकून लाखो रुपये घालणारी माणसं आपल्याच भागात आहेत. सेरेब्रल पाल्सीत यांचा नेहमीचा उपचार म्हणून पुरावा उभा राहिलेला नाही. हे पैसे आशेपोटी दिले जातात, आणि अशा आशेचा धंदा करणाऱ्यांची मला चीड येते.

बूट, खुर्ची, एक्स-रे

सत्रांमागोमाग येणारा मोठा खर्च साधनांचा. पोटरी ताठ असेल तर मापाचा प्लास्टिकचा बूट, ज्याला सगळे एएफओ म्हणतात, लागतो. जोडीला पाच-आठ हजार धरून चला आणि वाढत्या पायाला वर्षभरात नवा लागेल हेही धरा. माप घेतलेल्या दिवशी पूर्ण पैसे देऊ नका, निम्मे घालून पाहिल्यावर द्या. शिवण नसलेला मोजा घालून बूट चढवा, टाच तळाला टेकली आहे का ते मागच्या फटीतून पाहा, घोट्याचा पट्टा आधी बांधा. अर्धा तास घालून काढा. लाल डाग वीस मिनिटांत मावळला तर ठीक, नाही तर त्याच जागी गरम करून बूट मोकळा करून घ्यायचा, आणि हे काम बनवणाऱ्याने फुकट करून द्यायचं असतं. आधीच विचारून ठेवा.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधनं मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळतात. मोठ्यांना तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण १२ वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्ची अलिम्को बनवते. शिबिरं कधी आहेत ते जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात कळतं. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीतला पुनर्वसन कार्यकर्ता अर्ज भरून देतो, त्याचे पैसे नसतात.

खर्च कमी करायच्या नादात एक गोष्ट मात्र कधीच वगळू नका: खुब्याचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तिनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागचा सरकतो, न चालणाऱ्यांत जास्त, आणि सुरुवातीला दुखतही नाही. काही शे रुपयांचा एक्स-रे डॉक्टर सांगतील त्या अंतराने काढत राहिलात तर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते किंवा लहान होते.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचा हिशेब वेगळा. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, बहुधा पाच-सहा वेळा, मग टाचेची शीर सैल करण्याची लहानशी शस्त्रक्रिया. सरकारी रुग्णालयात हे फारसा खर्च न होता होतं. खरी परीक्षा नंतरची: दांड्याला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांपर्यंत रात्री. बूट मधेच सोडले की पाऊल पुन्हा वळतं आणि सगळा खर्च नव्याने.

विकत न घ्यायच्या वस्तूही सांगते. चाकांचा, मधे बसायचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात होतात. कॅनडाने २००४ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे. मागून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा निराळा, तो फिजिओला दाखवून वापरता येतो. थेरपीचा गोल लोड दुकानात दीड-दोन हजारांना मिळतो; गोधडी घट्ट गुंडाळून दोरीने बांधली की तेच काम होतं. बसायला शिकणाऱ्याला दोन भिंतींचा कोपरा आणि तक्क्या पुरतो. पाय ताठून जवळ येणाऱ्या बाळाला कडेवर घेताना दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना येऊ द्या. तेवढा वेळ मांड्या आपोआप उघड्या राहतात. तेलमालिश करा, बाळाला आवडतं, फक्त सांधे ओढू नका आणि तेवढ्यावर भागलं असं मानू नका.

कागद

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक हे मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या बाह्यरुग्ण फिजिओथेरपीला त्याचा आधार धरू नका. तिथे उपयोगी पडते ती नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधीची तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि नियमित थेरपीसाठी त्यात वेगळी मर्यादा ठरलेली आहे. नोंदणी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरण अनुक्रमे ५० आणि २५०. पैसे आधी तुम्ही भरायचे, मग बिलं पाठवून परत घ्यायचे. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, तारीखवार पावत्या आणि क्लिनिकचा शिक्का लागतो. साध्या कागदावर ‘मिळाले ४००’ लिहून दिलेलं चालत नाही.

या सगळ्याचं दार म्हणजे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ४० टक्के दिव्यांगत्वापासून बहुतेक सवलती सुरू होतात. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं मिळतं. मुदत संपण्याआधी तीन महिने अर्ज करा. ‘लेबल लागेल’ म्हणून कार्ड काढायचं टाळणाऱ्या आईबापांची घालमेल मला समजते, पण कार्डाशिवाय साधन, विमा, रेल्वे सगळंच पूर्ण किमतीत पडतं. पगारदार पालक जुनी करप्रणाली निवडत असतील तर दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. २०१६ च्या कायद्याने ४० टक्क्यांवरच्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळेत जाणं शक्यच नसेल तर समग्र शिक्षेतून शिक्षक घरी येऊ शकतो. तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या बीआरसी केंद्रात नाव नोंदवा.

दर सहा महिन्यांनी फिजिओसोबत बसून वही उघडा. ठरवलेल्या ध्येयांपैकी काय साधलं, काय नाही, आणि पुढे किती सत्रं लागतील? मूल एका पायरीवर स्थिरावलं असेल तर महिन्याला एक भेट पुरते. वाढीचा झटका आला, बूट घट्ट झाला, शाळा सुरू झाली की भेटी पुन्हा वाढवायच्या. पैसे कमी पडत असतील तर ते तोंडावर सांगा आणि मुलाचं येणं एकदम तोडू नका. “महिन्याला एवढेच जमतील, त्यात काय बसवाल?” असं विचारलं की नीट काम करणारा फिजिओ बहुतेक वेळा घरचा सराव वाढवून भेटी कमी करून देतो.